डोळा धूसर झाला, दोष मोबाइलला दिला: सिगारेट आणि एमएस यांचं कनेक्शन काय आहे?

मागच्या पावसाळ्यात लातूरहून माझ्या मित्राचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही दोघं नांदेडला इंजिनिअरिंगला असताना चार वर्षं एकाच रूमवर राहिलो. पुढे मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो. तो लातूरला परत गेला आणि आता एका क्लासेसची वेबसाइट, ॲप, ऑनलाइन टेस्ट असं सगळं एकटा सांभाळतो. बोलता बोलता म्हणाला, "अरे, उजव्या डोळ्यानं तीन दिवस झाले धूसर दिसायलंय. डोळा फिरवला की दुखतंय पण."

मी विचारलं, रोज किती तास स्क्रीनसमोर असतोस? "बारा तरी."

झालं, माझं निदान तयार! डार्क मोड लाव, ब्राइटनेस कमी कर, दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब बघ. वरून ब्लू लाइट फिल्टरची सेटिंग कुठे असते त्याचा स्क्रीनशॉटही पाठवला. अशा विषयांवर मी लेख लिहितो, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं.

चार दिवसांनी त्याचा मेसेज आला. डावा डोळा झाकून फोनकडे बघितलं तर व्हॉट्सॲपवरचा लाल नोटिफिकेशनचा ठिपका फिका, गुलाबीसर दिसत होता. उजवा झाकून बघितलं की एकदम लालभडक. फोन तोच, ब्राइटनेस तोच, रंग मात्र दोन. तेव्हा कुठे आम्हा दोघांच्या लक्षात आलं की बिघाड स्क्रीनमध्ये नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. लातूरची माणसं जातात तसा तोही सोलापूरला गेला. एमआरआय झाला, पाठीतून पाणी काढून तपासलं आणि निदान आलं: मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस. वय २८.

पाच दिवस शिरेतून स्टिरॉइड दिलं. नजर बरीचशी परत आली. मग एके रात्री त्याने फोन करून एकच प्रश्न विचारला. "सिगारेटमुळं झालं का रे हे?"

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी त्याने सुरू केली होती. कॉलेजच्या गेटसमोरच्या टपरीवर, माझ्यासमोरच. मी पीत नव्हतो, पण चहा घेत त्याच्या शेजारी तासन् तास उभा असायचो. त्यामुळे हा प्रश्न मला थोडा माझाही वाटला. त्यानंतर दोन-तीन आठवडे ऑफिसनंतर जे जे वाचता आलं ते वाचलं. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही, पण आकडे आणि सिस्टिम कशी काम करते हे समजून घेणं हा माझा धंदा आहे.

एमएस म्हणजे नेमकं काय होतं?

स्वस्तातल्या चार्जिंग केबलचं वरचं आवरण वाकवून वाकवून फाटतं आणि आतली तार दिसायला लागते, हे तुम्ही बघितलं असेल. मग चार्जिंग कधी होतं, कधी होत नाही. आपल्या मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवर असंच एक आवरण असतं. त्याला मायलिन म्हणतात. ते चरबी आणि प्रोटीनचं बनलेलं असतं.

पण केबलचं आवरण फक्त करंट बाहेर जाऊ देत नाही. मायलिन त्याहून मोठं काम करतं. ते सलग नसतं, ठरावीक अंतरावर त्यात बारीक फटी असतात. सिग्नल तारेतून सरपटत न जाता एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उड्या मारत जातो. मायलिन असलेल्या जाड तंतूतून सिग्नल सेकंदाला १०० मीटरच्या आसपास धावू शकतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत हाच वेग सेकंदाला साधारण एक मीटर असतो. ५जी चालू असताना अचानक २जीवर आल्यासारखं समजा.

एमएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारक शक्ती या मायलिनला शत्रू समजून त्यावर हल्ला करते. ॲंटिव्हायरसने व्हायरस सोडून विंडोजचीच फाइल डिलीट करावी, तसा प्रकार. जिथे हल्ला होतो तिथे चट्टे पडतात आणि नंतर ती जागा कडक होते. मल्टिपल म्हणजे अनेक ठिकाणी, स्क्लेरोसिस म्हणजे कडकपणा. पॅरिसच्या ज्याँ-मार्तिन शार्को या डॉक्टरांनी १८६८ मध्ये या आजाराचं व्यवस्थित वर्णन केलं, तेव्हा हे चट्टे मृत्यूनंतर मेंदू उघडल्यावरच दिसायचे. आता एमआरआयमध्ये पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात.

चट्टा कुठे पडला त्यावर लक्षण ठरतं. डोळ्याच्या नसेवर पडला तर नजर धूसर. कण्यात पडला तर पायात मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा, लघवीवर ताबा न राहणं. मेंदूच्या मागच्या भागात पडला तर तोल जाणं. बहुतेकांना सुरुवातीला हल्ला येतो, काही आठवड्यांत उतरतो, मग काही महिने किंवा वर्षं शांतता, मग पुन्हा हल्ला. पुढे काहीजणांत हे चढउतार थांबून अपंगत्व हळूहळू वाढत जातं. हा दुसरा टप्पा लक्षात ठेवा, सिगारेटचा विषय तिथे परत येणार आहे.

आजार साधारण २० ते ४० या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीहून जास्त दिसतो. म्हणजे नोकरी लागते, लग्न ठरतं, होम लोनची चौकशी सुरू होते, नेमकं तेच वय.

आपल्याकडच्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण मित्राला तिचा सगळ्यात जास्त त्रास झाला. एमएसच्या पेशंटचं अंग तापलं की जुनी लक्षणं काही वेळ परत येतात. मायलिन गेलेली तार गरम झाली की सिग्नल आणखी अडखळतो. विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये हे नोंदवलं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. मित्र दुपारी गंजगोलाईतून गाडीवर घरी आला की उजव्या डोळ्यापुढे पुन्हा धुकं. कूलरसमोर अर्धा तास बसला की साफ. फोन तापला की प्रोसेसर स्वतःहून हळू होतो आणि थंड झाला की पुन्हा नीट चालतो, तसंच. हा नवा हल्ला नसतो. पण हे माहीत नसेल तर माणूस घाबरून दर दुपारी दवाखाना गाठेल.

हा गोऱ्या लोकांचा आजार ना?

बऱ्याच वर्षांपर्यंत असंच मानलं जायचं. जगात २८ लाखांहून जास्त लोकांना एमएस आहे आणि विषुववृत्तापासून लांबच्या थंड देशांत, म्हणजे उत्तर युरोप, कॅनडा वगैरे, तो खूप जास्त आहे. भारतात लाखात एक-दोन असतील असा जुना अंदाज होता.

या समजाला एक धक्का आपल्या मुंबईतूनच बसला. १९८० च्या दशकात डॉक्टरांनी मुंबईच्या पारशी समाजात घरोघरी जाऊन मेंदूच्या आजारांची पाहणी केली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तिथे एमएसचं प्रमाण लाखात २१ च्या आसपास निघालं. हवा मुंबईची, पाणी मुंबईचं, ऊनही मुंबईचंच, पण आकडा बाकीच्या भारतासाठी धरलेल्या अंदाजाच्या कितीतरी पट. म्हणजे हवामान हे एकच कारण नाही, जनुकांचाही हात आहे. पुढे एमआरआय मशीन वाढली, न्यूरॉलॉजिस्ट वाढले आणि २०१४ मध्ये मंगळूरच्या पाहणीत लाखात ८ हून थोडं जास्त प्रमाण आढळलं. मुंबईत १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही पेशंटसाठीची संस्था काम करते.

तर दुर्मीळ आहे, पण परदेशीही नाही.

सिगारेटचा संबंध कळला कसा?

सर्व्हर बंद पडला की आम्ही आधी लॉग उघडतो. कोण काय म्हणतंय ते नंतर. बिघाडाच्या आधी काय काय घडलं याची वेळेसकट नोंद असेल तरच खरं कारण सापडायची शक्यता असते.

माणसांच्या बाबतीत असा लॉग अमेरिकेतल्या नर्सेसनी ठेवला. १९७६ मध्ये आणि मग १९८९ मध्ये असे दोन मोठे गट नोंदवले गेले, मिळून दोन लाखांहून जास्त नर्सेस. दर दोन वर्षांनी त्यांना फॉर्म जायचा: सिगारेट ओढता का, किती, कधी सोडली, कोणता आजार झाला. २००१ मध्ये हा डेटा एमएससाठी तपासला तेव्हा दिसलं की कधीच न ओढलेल्यांच्या तुलनेत ओढणाऱ्यांमध्ये एमएसचं प्रमाण सुमारे १.६ पट होतं. जितकी जास्त वर्षं आणि जितकी जास्त सिगारेट, तितका धोका वर सरकत होता.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. सिगारेटची नोंद आजाराच्या आधीची आहे. "आजाराच्या टेन्शनमुळे ओढायला लागले असतील" ही शंका त्यामुळे बरीच कमी होते. नंतर स्वीडनमध्ये वेगळ्या पद्धतीने, पेशंट आणि निरोगी लोकांची जोडी लावून मोठा अभ्यास झाला. २००९ मधला त्यांचा आकडा: ओढणाऱ्या स्त्रियांत धोका सुमारे १.४ पट, पुरुषांत सुमारे १.८ पट. दोन देश, दोन पद्धती, उत्तर जवळपास एकाच दिशेला. खरं सांगायचं तर जनुकांचा आधार घेऊन केलेल्या काही विश्लेषणांत हा दुवा पुसट दिसला आहे, त्यामुळे संशोधकांमध्ये थोडी घासाघीस चालू आहे. पण एमएसच्या टाळता येण्याजोग्या कारणांची यादी निघाली की सिगारेट त्यात वरच असते.

आता "दीडपट" हा शब्द बघून घाबरायच्या आधी एक छोटं गणित करा. बातम्यांमध्ये आणि रील्समध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं. मूळ आकडा लाखात ८ असेल, तर दीडपट म्हणजे लाखात १२. एक लाख सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ९९ हजार ९८८ जणांना एमएस नसेल. कुणी तुम्हाला "सिगारेटने धोका ५० टक्क्यांनी वाढतो" असं सांगितलं, तर तेही खरंच आहे. दोन्ही वाक्यं एकाच डेटामधून निघतात. फोन घेताना "बॅटरी ५० टक्के जास्त" वाचल्यावर आपण लगेच विचारतो, कशापेक्षा जास्त? आरोग्याची बातमी वाचतानाही तेच विचारायचं.

मग विषय संपला का? नाही. कारण हा सरासरीचा आकडा आहे आणि सगळ्यांचा धोका सारखा वाढत नाही.

तीन अटी एकत्र आल्या की...

कोड लिहिणाऱ्यांना असे बग माहीत असतात जे माझ्या लॅपटॉपवर कधीच येत नाहीत, पण एखाद्या विशिष्ट फोनवर, विशिष्ट व्हर्जनवर, नेट स्लो असतानाच येतात. एकेक अट वेगळी तपासली तर काहीच सापडत नाही. एमएस मला तसा बग वाटतो.

पहिली अट व्हायरसची. एपस्टीन-बार नावाचा एक अगदी सर्वसामान्य व्हायरस आहे. जगातल्या दहापैकी नऊहून जास्त प्रौढांच्या शरीरात तो असतो, बहुतेकांना पत्ताही नसतो. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त जवानांच्या रक्ताच्या नमुन्यांवर आधारित अभ्यास २०२२ मध्ये आला. या व्हायरसची लागण झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पट झाला होता. एमएस झालेल्या ८०१ जणांपैकी फक्त एकाच्या शेवटच्या नमुन्यात हा व्हायरस नव्हता. म्हणजे ही अट जवळपास सक्तीची दिसते, पण ती एकटी पुरत नाही. नाहीतर आपल्या सगळ्यांनाच एमएस झाला असता.

दुसरी अट जनुकांची. पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाचे रेणू असतात. आपला कोण, परका कोण हे रोगप्रतिकारक पेशींना दाखवायचं काम त्यांचं, फोनच्या फेस लॉकसारखं. या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार असला की एमएसचा धोका वाढतो, आणि दुसरा एक संरक्षण देणारा प्रकार नसला की आणखी वाढतो.

तिसरी अट धुराची. २०११ मध्ये स्वीडनच्या त्याच गटाने जनुकं आणि सिगारेट एकत्र ठेवून हिशोब केला. जनुकांचा धोका नाही आणि सिगारेटही नाही, अशा माणसाला १ धरलं. फक्त सिगारेट असेल तर सुमारे १.४. फक्त धोक्याची जनुकं असतील तर सुमारे ४.९. आणि दोन्ही असतील तर? १३.५. बेरीज करून हा आकडा येत नाही. दोन्ही एकत्र आल्यावर काहीतरी तिसरंच घडतं.

आपल्याकडे कोणती जनुकं आहेत हे आपल्याला माहीत नसतं, आणि त्यासाठी टेस्ट करत बसायचीही गरज नाही. व्हायरस तर बहुतेक लहानपणीच आलेला असतो. या तीन अटींमधली एकच अशी आहे जिचं बटण आपल्या हातात आहे.

धूर फुफ्फुसात जातो, मग मेंदूत बिघाड कसा?

मला हा भाग सगळ्यात भारी वाटला. माझा पहिला अंदाज होता की निकोटिन रक्तातून मेंदूत जाऊन काहीतरी करत असेल. तो चुकीचा निघाला.

स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायची ओली तंबाखू खूप चालते. निकोटिन तेच, पण धूर नाही. २००९ च्या त्या अभ्यासात अशी तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये एमएसचा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे गुन्हेगार निकोटिन नसून धूर असावा. शिवाय स्वतः कधीही न ओढलेल्या, पण दुसऱ्याचा धूर घेणाऱ्या लोकांमध्येही धोका सुमारे १.३ पट आढळला. टपरीवर मित्राशेजारी उभा असलेला मी आठवला. २०१८ मध्ये रंग, वार्निश यांच्या कामात वापरल्या जाणाऱ्या सॉल्व्हंटच्या वाफांबाबतही असाच संबंध दिसला. सिगारेटचा धूर आणि रंगाची वाफ यांच्यात सारखं काय? दोन्ही फुफ्फुसाला चुरचुरवतात.

मग फुफ्फुसात काय होतं? याचा एक धागा २०१२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगात पकडला. मायलिनवर हल्ला करू शकणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी थेट मेंदूत घुसू शकत नाहीत, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांभोवती कडक पहारा असतो. त्या पेशी आधी फुफ्फुसात थांबतात, तिथे त्यांच्यात बदल होतात आणि मग त्यांना तो पहारा ओलांडता येतो. जणू फुफ्फुस हे आरटीओ ऑफिस, तिथून लायसन्स मिळाल्याशिवाय मेंदूच्या रस्त्यावर गाडी काढता येत नाही. आता रोज धूर जाऊन तिथे कायम सूज असेल, तर त्या ऑफिसात किती गडबड होत असेल याचा विचार करा. शिवाय धुरामुळे फुफ्फुसातली आपलीच काही प्रोटीन बदलतात आणि फेस लॉकला ती अनोळखी वाटू लागतात, अशीही एक मांडणी आहे. एचएलए आणि सिगारेट एकत्र आल्यावर आकडा का उसळतो, हे त्यातून समजतं.

हे वाचून तंबाखू-चुना मळणाऱ्या मंडळींनी लगेच खूश व्हायचं नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्व्हेनुसार महाराष्ट्रात साधारण ४ टक्के प्रौढ धूम्रपान करतात, पण धूर नसलेली तंबाखू खाणारे साधारण २४ टक्के आहेत. तोंडाचा कॅन्सर काय असतो हे आपल्याकडे प्रत्येक गावाला माहीत आहे. एमएस नाही म्हणून ती तंबाखू बरी, असं म्हणणं म्हणजे ट्रेनखाली जायचं नाही म्हणून हायवेवर झोपण्यासारखं आहे. आणि कुणी वेप सुचवत असेल तर ई-सिगारेटच्या विक्रीवर देशात २०१९ पासूनच बंदी आहे, इन्स्टाग्रामवर काहीही विकत असले तरी.

"आता झालंच आहे, मग सोडून काय उपयोग?"

हे माझ्या मित्राचं वाक्य. निदान झाल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत त्याची सिगारेट उलट वाढली. घरी काकूंना वाटायचं पोरगा गच्चीवर फोनवर बोलायला जातोय.

या प्रश्नाचं उत्तर मात्र सगळ्यात स्पष्ट आहे. २०१५ मध्ये स्वीडनमधून एक अभ्यास आला. त्यात निदानाच्या वेळी सिगारेट ओढत असलेले ७०० हून जास्त एमएसचे पेशंट होते. प्रश्न एवढाच होता की निदानानंतर सोडणाऱ्यांचं आणि चालू ठेवणाऱ्यांचं पुढे काय झालं. वर ज्या दुसऱ्या टप्प्याबद्दल लिहिलं, अपंगत्व हळूहळू वाढत जाण्याचा, तो चालू ठेवणाऱ्यांमध्ये साधारण ४८ व्या वर्षी सुरू झाला. सोडणाऱ्यांमध्ये ५६ व्या वर्षी. निदानानंतर सिगारेटचं प्रत्येक जास्तीचं वर्ष या टप्प्याकडे जाण्याचा वेग ४.७ टक्क्यांनी वाढवत होतं.

आठ वर्षं. मी त्याला हा आकडा पाठवला तेव्हा त्याने बराच वेळ रिप्लाय दिला नाही. मग लिहिलं, "म्हणजे पोरगं दहावीला असताना की इंजिनिअर झाल्यावर, एवढा फरक." त्याला अजून पोरगं नाही, लग्नाचं बघायलेत. पण हिशोब त्याने असाच केला.

ज्यांना एमएस नाही त्यांच्यासाठीही स्वीडनच्याच डेटामधली एक गोष्ट आहे: सिगारेट सोडल्यावर साधारण दहा वर्षांनी तिच्यामुळे वाढलेला एमएसचा धोका ओसरलेला दिसतो, मग आधी कितीही ओढलेली असो.

आणि त्याच्या मूळ प्रश्नाचं काय? सिगारेटमुळे झालं का? एका माणसाच्या बाबतीत असं कुणीच सांगू शकत नाही. त्याने सात वर्षं रोज सहा-सात ओढल्या. नर्सेसच्या अभ्यासात ज्या हिशोबाने मोजतात, म्हणजे रोज २० सिगारेटचं एक पाकीट एक वर्ष, त्या हिशोबाने हे अडीच वर्षांच्याही आत येतं. कदाचित सिगारेट न ओढताही झाला असता. शंभरातल्या किती जणांचा धोका वाढला हे आकडे सांगतात, त्या शंभरात तू कोणता हे सांगत नाहीत. मी त्याला हेच सांगितलं आणि काकूंनाही, कारण त्या रोज त्याला "तुझ्याच करणीचं फळ" म्हणत होत्या. आजारी माणसाला हे ऐकवून सिगारेट सुटत नाही, फक्त गच्चीवरच्या फेऱ्या वाढतात.

सुट्टी सिगारेट आणि हरवलेला लॉग

सोडायचं ठरवल्यावर पहिली अडचण कळली. तो रोज नेमक्या किती ओढतो हे त्यालाच माहीत नव्हतं. "सहा-सात" हा अंदाज होता. कारण पाकीट कधी घेतलंच नाही, टपरीवरून कायम सुट्टी. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुट्ट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी आहे आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानेच मनाई आहे. आमच्या गेटसमोर काय चित्र होतं ते वर सांगितलंच. सुट्टी घेतली की पाकिटावरचा धोक्याचा फोटो दिसत नाही, पाकीट किती दिवसांत संपलं तेही कळत नाही आणि पाकिटावर छापलेला मदतीचा नंबरही नजरेला पडत नाही.

तो नंबर आहे १८००-११-२३५६. सरकारी क्विटलाइन, टोल फ्री. समोरचा माणूस लेक्चर देत नाही. कधी तलफ येते, कशाने येते हे विचारून सोडायची तारीख ठरवायला मदत करतो आणि नंतर पुन्हा फोनही करतो. मित्राने यासोबत फोनमध्ये साधी गूगल शीट केली: वेळ, जागा, कारण. पहिल्याच आठवड्यात दिसलं की सरासरी नऊ आहेत आणि त्यातल्या पाच क्लासेसचा सर्व्हर डाउन झाल्यावर. त्यावर माझ्याकडे उपाय होता. आम्ही बसून सर्व्हरचं सेटअप नीट केलं! निकोटिनचा डिंक घ्यायचा की गोळी, हे त्याने न्यूरॉलॉजिस्टला विचारून ठरवलं.

फोनचा उलटा वापरही तेवढाच झाला. एकदा "एमएस उपाय" सर्च केलं आणि पुढचे तीन महिने त्याच्या फीडमध्ये स्टेम सेलच्या जाहिराती, "९० दिवसांत मुळापासून बरा" वाले काढे, कुणातरी बाबांचे व्हिडिओ. एमएस मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. हल्ले कमी करणारी औषधं १९९३ पासून आहेत आणि आता बरीच चांगली झाली आहेत. महाग आहेत, पण लवकर सुरू केली तर फायदा जास्त. दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात एमएसचा समावेश आहे, त्यामुळे अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डसाठी अर्ज करता येतो. हे त्याला दवाखान्यात कुणी सांगितलं नव्हतं, एका पेशंटच्या ग्रुपवर कळलं.

मग माझा डोळा धूसर झाला तर?

बहुतेक वेळा स्क्रीनच कारण असतं, हेही खरं. स्क्रीनमुळे डोळे कोरडे होतात, चुरचुरतात, दोन्ही डोळ्यांना त्रास होतो आणि झोप काढली की बरं वाटतं. डोळ्याच्या नसेला सूज आली तर बहुतेक वेळा एकाच डोळ्याची नजर काही तासांत ते काही दिवसांत कमी होते, डोळा फिरवताना दुखतं आणि रंग, विशेषतः लाल, फिके वाटतात. घरी बघायचं असेल तर लाल रंगाचं बाटलीचं झाकण घ्या, एकेक डोळा झाकून बघा. फरक दिसला तर सेटिंगमध्ये जाऊ नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तसंच हातापायाचा किंवा अर्ध्या अंगाचा बधिरपणा दिवसभराहून जास्त राहिला तरी दाखवून घ्या.

फरक दिसला म्हणजे एमएस आहे असं नाही. आपल्याकडे डोळ्याच्या नसेला सूज इतरही कारणांनी येते, बधिरपणा बी-१२ कमी असल्यानेही येतो. एनएमओ नावाचा एक आजार हुबेहूब एमएससारखा दिसतो, पण त्याची औषधं वेगळी आहेत आणि एमएसची काही औषधं त्यात त्रास वाढवू शकतात. त्यामुळे लक्षणं चॅटबॉटला विचारून औषध ठरवू नका. मी डार्क मोड सुचवला होता, त्याने चार दिवस गेले. सुदैवाने तेवढ्यावरच भागलं.

गेल्या आठवड्यात मित्राशी बोलणं झालं. सोडून पाच महिने झाले. औशाला चुलतभावाच्या लग्नात दोन ओढल्या, त्या शीटमध्ये लिहिल्यात, कारणाच्या रकान्यात "वरात" असं. पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे. उजव्या डोळ्याने तो लाल ठिपका अजून किंचित फिकाच दिसतो. डॉक्टर म्हणाले, एवढं राहील कदाचित.